वादळाचा अंदाज आणि गावाचा निर्णय

सोलापूर जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ आठवतो. वादळ आठवत नाही. वर्षाकाठी सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यातील शेतकरी पावसाची वाट पाहण्यास सरावलेला आहे. पावसापासून पीक वाचवण्याचा सराव त्यास तितकासा नाही. त्यामुळे चक्रीवादळ ही कोकणपट्टीची किंवा आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याची बाब, आपला तिच्याशी संबंध नाही, असा समज गावोगावी आढळतो. हा समज किती महाग पडू शकतो हे गेल्या काही वर्षांत दिसून आले आहे. वादळाचा अंदाज कसा वाचावा, कसा पारखावा आणि त्यावरून गावाने निर्णय कसा घ्यावा, याचा विचार येथे केला आहे. उदाहरणासाठी मोहोळ तालुक्यातील चिंचोळी एमआयडीसी आणि तिच्या भोवतालची गावे घेतली आहेत. तथापि त्यातील रीत कोणत्याही गावास लागू पडेल.

समुद्रापासून दूरच्या गावास वादळाचे काय?

बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात न्यूनदाबाचे एक क्षेत्र निर्माण झाले. वाढत वाढत ते खोल न्यूनदाबाचे क्षेत्र बनले व १३ ऑक्टोबरच्या सकाळी त्याने काकीनाड्याजवळ आंध्रचा किनारा ओलांडला. तेथून तेलंगणा व उत्तर कर्नाटकाच्या वाटेने ते पश्चिमेस सरकले. हैदराबादेत मोठा पूर आला. १४ ऑक्टोबर रोजी त्याच ढगांनी सोलापूर जिल्हा गाठला. काकीनाडा ते सोलापूर हे सरळ अंतर पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. ते तोडण्यास त्यास सुमारे दीड दिवस लागला. चित्रा नक्षत्रातील या पावसाने अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीस पूर आला, उजनीतून सोडलेल्या पाण्याने भीमा पात्राबाहेर गेली आणि पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. काढणीस आलेले सोयाबीन, उभा ऊस, छाटणी झालेल्या द्राक्षबागा यांची हानी निराळीच.

त्याच वर्षी ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले होते. त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. ऑक्टोबरच्या या संकटास मात्र नावच नव्हते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत पोचला तरच भारतीय हवामान विभाग त्यास चक्रीवादळ म्हणतो आणि त्यास नाव मिळते. काकीनाड्याजवळ आलेली प्रणाली या मर्यादेच्या खालीच राहिली. सोलापूरकरांनी नाव असलेल्या वादळाची बातमी ऐकली. फटका बसला तो बिननावाच्या वादळाचा. पहिला धडा हाच की, किनाऱ्यापासून दूरच्या गावास वाऱ्याच्या वेगापेक्षा पावसाचे मोठे भय असते, आणि वादळास नाव आहे की नाही यावरून पावसाचे माप ठरत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. अमेरिकेत ‘हरिकेन’ या नावाने ओळखली जाणारी वादळे म्हणजे आपलीच चक्रीवादळे होत. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’ हे हरिकेन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळले. परंतु मनुष्यहानी सर्वांत अधिक झाली ती तेथून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या डोंगराळ भागात, पुरामुळे. समुद्र आपल्यापासून दूर आहे, ही तेथील लोकांचीही समजूत होती.

अंदाजाची भाषा समजून घ्यावी

‘वेधशाळेने पाऊस सांगितला आणि आला नाही’ ही तक्रार नेहमी कानी पडते. अशा पुष्कळशा तक्रारींचे मूळ अंदाज चुकण्यात नसून तो अर्धवट ऐकण्यात असते. अंदाजातील प्रत्येक शब्दास ठरलेले माप आहे. ते ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पाठ करावे.

पाऊस किती ठिकाणी पडेल, हे प्रथम सांगितलेले असते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत केंद्रांवर. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत. आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहूनही अधिक केंद्रांवर. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा अंदाज असताना चिंचोळीत थेंबही पडला नाही आणि बार्शीकडे नाले भरून वाहिले, तर अंदाज खोटा ठरला असे म्हणता येत नाही.

पाऊस किती पडेल, हे दुसरे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अति मुसळधार. त्यापलीकडे अत्यंत मुसळधार. महसूल खात्याच्या व्यवहारात मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ‘अतिवृष्टी’ म्हणतात. म्हणजे महसुलाची अतिवृष्टी वेधशाळेच्या मुसळधार पावसापासूनच सुरू होते. हे दोन शब्द एकमेकांत मिसळू नयेत.

६५ मिलिमीटर ऐकावयास लहान वाटते. एका एकरावर तेवढा पाऊस पडला तर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी होते. भारी काळ्या जमिनीत ते सावकाश मुरते, म्हणून पीक उभ्याने पाण्यात राहते. कारखान्याच्या एक हजार चौरस मीटर पत्र्यावर तोच पाऊस पडला तर ६५ हजार लिटर पाणी मुळीच न मुरता पन्हळीतून खाली येते. औद्योगिक वसाहतीतील छपरे, डांबरी रस्ते व फरशीची आवारे यांचे पाणी उताराच्या शेतांकडे धावते. चिंचोळीसारख्या गावी हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. इतर गावी जो पाऊस निभावतो तोच येथे उताराकडील बांध फोडू शकतो. म्हणून ओढे, चर व रस्त्याखालच्या मोऱ्या वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि सप्टेंबरच्या आरंभी, साफ करून घ्याव्यात.

तिसरी गोष्ट रंगाची. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही; पिवळा म्हणजे लक्ष ठेवा; नारंगी म्हणजे तयारीत राहा; लाल म्हणजे कृती करा. हे रंग पाऊस किती याबरोबरच त्याचा परिणाम काय होईल याचाही विचार करून दिलेले असतात.

चौथी गोष्ट वेळेची. हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. १४ तारखेच्या सायंकाळी पडलेला पाऊस १५ तारखेच्या नोंदीत दिसतो. हे ज्यास ठाऊक नाही तो बरोबर आलेला अंदाजही एक दिवसाने चुकला असे समजतो.

जुने ठोकताळे आणि नवे अंदाज

गावास पावसाचा अंदाज वेधशाळेनेच प्रथम सांगितला असे नाही. नक्षत्रे व त्यांची वाहने, सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेले ठोकताळे, मुंग्यांनी अंडी हलवणे, चंद्राभोवतीचे खळे, वाऱ्याची पालटलेली दिशा ही गावाची जुनी शिदोरी होय. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य ठेवून त्याच्या हालचालींवरून वर्षाचे पाऊसपाणी सांगितले जाते. लोक ती श्रद्धेने ऐकतात.

या गोष्टींची थट्टा करण्याचे कार्यकर्त्यास कारण नाही. मात्र प्रत्येक अंदाज कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो हे विचारावयास हवे. भाकणूक वर्षाविषयी बोलते. नक्षत्र पंधरवड्याविषयी बोलते. खळे आणि वारा फार तर उद्याविषयी सुचवतात, तेही डोक्यावरच्या आभाळापुरते. काकीनाड्याजवळ किनारा ओलांडणारे वादळ परवा सायंकाळी मोहोळावर येईल, हे यांपैकी कोणीही सांगू शकत नाही. ते उपग्रह, रडार व समुद्रावरील निरीक्षणांवरूनच कळते. जुन्या ठोकताळ्यांचा आदर राखूनही सोयाबीनची गंजी झाकण्याचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये.

शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्ता हा उपक्रमही आपल्याकडे जुना आहे. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. पुण्यास डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली १९३२ मध्ये कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामान वार्ता आकाशवाणीवरून दिली जाऊ लागली. सोलापुरात १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. पाऊस मोजून शेतीचा निर्णय घ्यावा, हा विचार या जिल्ह्यास नवा नाही.

अंदाज पारखण्याची वही

अंदाजावर किती विसंबावे? या प्रश्नास दोन चुकीची उत्तरे गावात ऐकू येतात. एक असे की, वेधशाळा सांगते ते सर्व खोटे. दुसरे असे की, मोबाइलवर आले म्हणजे खरे. दोहोंचे कारण एकच: कोणी हिशेब ठेवलेला नसतो. माणसास चुकलेला अंदाज स्मरतो, बरोबर आलेला विसरतो. अंदाज न येता कोसळलेला पाऊस जन्मभर स्मरतो. स्मरणशक्तीवर केलेला निवाडा म्हणूनच न्याय्य नसतो.

यास उपाय साधा आहे. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत एक वही ठेवावी. तिच्यात पाच रकाने आखावेत: अंदाज दिल्याची तारीख व वेळ, अंदाज कोणत्या दिवसासाठी, अंदाजाचे नेमके शब्द व रंग, गावच्या पर्जन्यमापकात सकाळी साडेआठ वाजता मोजलेला पाऊस, आणि शेरा. शेरे चारच असावेत. इशारा होता व मोठा पाऊस आला: ‘साधला’. इशारा होता व आला नाही: ‘पोकळ’. इशारा नव्हता व आला: ‘हुकला’. इशारा नव्हता व आलाही नाही: ‘शांत’. गावात पर्जन्यमापक नसल्यास महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राची नोंद घ्यावी. पण गावचे माप ते गावचेच. शाळेतील वरच्या वर्गाची मुले हे काम आनंदाने व चोख करतात.

समजा, एका हंगामात दहा वेळा इशारा मिळाला. सहा वेळा मोठा पाऊस आला, चार वेळा आला नाही. शिवाय दोन वेळा इशारा नसताना पाऊस कोसळला. म्हणजे आठ मोठ्या पावसांपैकी सहांची आगाऊ सूचना मिळाली, हे एक माप झाले. दहा इशाऱ्यांपैकी चार पोकळ गेले, हे दुसरे. दोन्ही मापे एकत्र पाहिल्यावाचून अंदाजाची पारख होत नाही. जो रोज ‘पाऊस येणार’ असे सांगेल त्याचा एकही पाऊस हुकणार नाही. पण त्याचे इशारे बहुतांशी पोकळ जातील. जो कधीच इशारा देणार नाही त्याचा एकही इशारा पोकळ जाणार नाही. पण त्याचा सर्व पाऊस हुकेल. दोघांचाही गावास उपयोग नाही.

वहीतून आणखी एक गोष्ट उमगते. उद्याचा अंदाज पाच दिवसांनंतरच्या अंदाजापेक्षा अधिक वेळा साधतो. वादळाच्या मार्गाच्या बाबतीतही तसेच. एक दिवस आधी सांगितलेल्या स्थानातील चूक अलीकडे सरासरी शंभर किलोमीटरच्या आत असते, पण जितके दिवस अगोदर सांगावे तितकी ती वाढते. म्हणून पाच दिवस आधी आलेल्या बातमीवर मजूर ठरवून ठेवावेत, ताडपत्री शोधून ठेवावी. पीक हलवण्याचा निर्णय शेवटच्या दोन दिवसांच्या अंदाजावर घ्यावा. नकाशावर वादळाच्या मार्गाभोवती जो पंखासारखा पट्टा काढतात तो वादळाचे केंद्र कोठून जाईल याची शक्यता दाखवतो. पाऊस त्या पट्ट्यातच पडेल असे तो सांगत नाही. पट्ट्याबाहेरचे गाव सुरक्षित, असे समजू नये.

अंदाज वहीत उतरवताना तो कोणी दिला व कधी दिला हे अवश्य पाहावे. जुन्या वादळाची चित्रफीत नव्याने फिरवलेली पुष्कळदा आढळते. ज्या संदेशावर देणाऱ्या कार्यालयाचे नाव नाही व तारीख-वेळ नाही, तो वहीत घेऊ नये आणि पुढेही पाठवू नये.

खर्च आणि हानी यांचा ताळा

आता मुख्य प्रश्न. सहा वेळा साधणारा व चार वेळा पोकळ जाणारा अंदाज चांगला म्हणावा की वाईट? याचे उत्तर अंदाजात नाही. ते शेतकऱ्याच्या कामात आहे.

समजा, खळ्यावर कापलेल्या सोयाबीनची गंजी आहे. ती झाकण्यास मजुरी व ताडपत्रीची झीज मिळून ८०० रुपये लागतात. न झाकता भिजली तर १६,००० रुपयांची हानी होते. म्हणजे खर्च हानीच्या विसाव्या हिश्श्याइतका आहे. अशा वेळी पाऊस येण्याची शक्यता दहात एक असली तरी झाकणे फायद्याचे. दहा वेळा झाकले आणि नऊ वेळा व्यर्थ गेले, तरी एकूण खर्च ८,००० रुपये होईल. तो एकदा भिजण्याच्या हानीच्या निम्माच आहे.

दुसरे उदाहरण घेऊ. सोयाबीन उभे आहे, पण पक्व होण्यास काही दिवस अवकाश आहे. पावसाच्या भयाने आताच कापले तर दाणा बारीक राहून ६,००० रुपयांची घट येते. कापले नाही आणि पाऊस लागला तर १०,००० रुपयांची हानी होते. येथे खर्च हानीच्या दहात सहा हिश्श्यांइतका आहे. म्हणून पाऊस येण्याची शक्यता त्याहून अधिक असल्यावाचून कापू नये. पिवळ्या इशाऱ्यावर विळा हाती घेणे येथे चूक ठरेल.

एकच अंदाज, एकच गाव, एकच दिवस. परंतु एका शेतकऱ्याने धावपळ करणे योग्य आणि दुसऱ्याने थांबणे योग्य. ‘अंदाज खरा की खोटा’ या वादात गुंतलेला शेतकरी हा भेद पाहू शकत नाही. स्वस्त उपाय थोड्या शक्यतेवरही करावा. महाग उपायास भक्कम शक्यता हवी. आणि जेथे जीव जाण्याचा संभव आहे तेथे पैशाचा हिशेब मांडूच नये. सततच्या पावसाने मुरलेली माळवदाची घरे अकस्मात बसतात. नारंगी इशारा असता अशा घरातील माणसांनी रात्री शाळेत किंवा शेजाऱ्याच्या पक्क्या घरात निजावे. दहा रात्री व्यर्थ गेल्या तरी त्या व्यर्थ गेल्या असे म्हणू नये.

नदीचा अंदाज निराळा

पावसाचा अंदाज आणि पुराचा अंदाज यांत अंतर आहे. चिंचोळीच्या पश्चिमेस लांबोटीजवळ महामार्ग सीना नदी ओलांडतो. सीना अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते, करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतून येते व पुढे हत्तरसंग कुडल येथे भीमेस मिळते. सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धात या नदीस मोठा पूर आला. तिच्या काठची अनेक गावे पाण्याने वेढली गेली, माणसांना बाहेर काढावे लागले आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गावरील वाहतूक थांबवावी लागली. हे पाणी केवळ या गावांवर पडलेल्या पावसाचे नव्हते. त्याचा मोठा भाग वरच्या अंगास, अहिल्यानगर, धाराशिव व बीड या जिल्ह्यांतून, धरणे भरून खाली आला होता. आपल्या माथ्यावरील आभाळ पाहून पूर ओळखू पाहणारा अशा वेळी फसतो.

नदीकाठच्या गावाने म्हणूनच दोन अंदाज वाचावेत: आपल्या तालुक्याचा आणि नदीच्या वरच्या अंगाच्या जिल्ह्यांचा. त्यासोबत धरणातून किती क्युसेक पाणी सोडले व ते आपल्या गावी पोचण्यास किती तास लागतात, याची नोंद वहीच्या मागील पानांवर ठेवावी. दोन-तीन पुरांच्या नोंदी झाल्या की गावास आपला स्वतःचा ताळा सापडतो. २०२५ च्या पुराची खूण ज्या घरांवर, विजेच्या खांबांवर किंवा झाडांवर राहिली असेल तेथे ती रंगाने पक्की करून वर्ष लिहावे. पुढील पिढीस हजार शब्दांपेक्षा ती एक रेघ अधिक सांगेल.

पाळीवर असलेला शेतकरी

चिंचोळीच्या आसपासच्या गावांत एक निराळी अडचण आहे. येथील पुष्कळ कुटुंबांत शेती व कारखाना या दोहोंवर संसार चालतो. कर्ता पुरुष दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीस यंत्रावर उभा असतो आणि सोयाबीन शेतात पडलेले असते. यंत्रावर अनेक ठिकाणी मोबाइल जवळ बाळगता येत नाही. दुपारी तीन वाजता आलेला नारंगी इशारा त्यास रात्री अकरा वाजता कळला, तर तो न कळल्यासारखाच. शिवाय भाड्याच्या खोल्यांतून राहणारे परप्रांतीय कामगार आहेत. त्यांना मराठी सूचना समजेलच असे नाही.

यासाठी ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी कारखान्यांच्या व्यवस्थापनाशी बोलून एक साखळी ठरवावी. इशारा आला की तो कारखान्याच्या फाटकावरील फळ्यावर लिहावा व पाळी बदलण्याच्या वेळी वाचून दाखवावा. दूध संकलन केंद्रावर सकाळ-सायंकाळ गावचे बहुतेक घर येते. तेथे दुसरा फळा असावा. मंदिराच्या ध्वनिवर्धकावरून मराठीत व हिंदीत, आवश्यक तेथे कन्नड व तेलुगूतही, सूचना द्यावी. प्रत्येक आळीत एक घर असे नेमावे की जे पाळीवर गेलेल्यांच्या घरी जाऊन वृद्धांना व स्त्रियांना निरोप देईल. पाळीवरील शेतकऱ्याची गंजी झाकण्यासाठी शेजाऱ्यांचा गट अगोदरच ठरलेला असावा. सावडीची पद्धत आपल्याकडे पेरणी-काढणीस होतीच. तीच वादळासही लावावी.

सूचना देणाऱ्याने केवळ ‘मुसळधार पाऊस येणार’ असे सांगून थांबू नये. काय करावे, कोणी करावे, किती वाजेपर्यंत करावे, हे सांगावे. ‘उद्या सायंकाळी मोठ्या पावसाची शक्यता आहे, गंजी दुपारपर्यंत झाकाव्यात, जनावरे ओढ्याच्या अलीकडे आणावीत, लांबोटीकडे जाण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करावी’ असा निरोप माणसास हलवतो.

वादळ सरल्यावर

पाऊस उघडल्यावरचे पहिले तीन दिवस महत्त्वाचे असतात. तुटलेल्या विजेच्या तारेस हात लावू नये. वीज कंपनीस कळवून प्रवाह बंद झाल्याची खात्री करावी. शेतातील साचलेले पाणी चर काढून त्वरित बाहेर काढावे. भिजलेल्या सोयाबीनच्या गंज्या उलगडून, हलवून वाळवाव्यात. ओल्या शेंगांची मळणी करू नये. द्राक्ष व डाळिंब बागांत अशा दमट हवेत अनुक्रमे केवडा व तेलकट डाग हे रोग वाढतात. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे फवारणीची तयारी ठेवावी.

रब्बी ज्वारीची पेरणी खोळंबली असल्यास घाईने चिखलात पाभर घालू नये. वाफसा येऊ द्यावा. ऑक्टोबरचा मध्य उलटून गेल्यास त्या रानात ज्वारीऐवजी हरभरा घेण्याचा विचार करावा. पडझड, मृत जनावरे व पिकांची हानी यांची तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढून पंचनाम्यासाठी तत्काळ कळवावे. पीक विम्याच्या अटी व कळवण्याची मुदत हंगामागणिक पालटू शकते. म्हणून ती पेरणीच्या वेळीच पाहून वहीत लिहून ठेवावी, हानी झाल्यावर शोधू नये.

शेवटी वही पुन्हा उघडावी आणि ग्रामसभेत ती वाचावी. किती इशारे साधले, किती पोकळ गेले, किती हुकले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इशारा साधला असताना गावाने काय केले. ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य महाराष्ट्रास मुसळधार ते अति मुसळधार पावसाचा इशारा वेधशाळेने आधीच दिलेला होता. काकीनाड्याहून निघालेले ढग सोलापुरास पोचेपर्यंत गावांच्या हाती सुमारे दीड दिवस होता. तो वेळ वाया जाऊ न देणे, एवढेच गावाच्या हाती असते. आणि तेवढे पुष्कळ असते.

चर्चेसाठी प्रश्न

१. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा अंदाज असून आपल्या गावी पाऊस न पडल्यास वहीत कोणता शेरा द्यावा? शेजारच्या मंडळाची नोंद पाहून आपले उत्तर पडताळावे.

२. आपल्या शेतावरील तीन कामे घेऊन प्रत्येकाचा बचावाचा खर्च व संभाव्य हानी मांडावी. त्यांपैकी कोणते काम पिवळ्या इशाऱ्यावर, कोणते नारंगी व कोणते लाल इशाऱ्यावर करावे?

३. दुसऱ्या पाळीवर गेलेल्या शेतकऱ्यास दुपारी आलेला इशारा एका तासात पोचवावयाचा असल्यास आपल्या गावी कोणता मार्ग आहे? नसल्यास तो कोणी व केव्हा तयार करावा?

४. आपल्या गावाजवळील नदीचे पाणी कोणकोणत्या तालुक्यांतून येते? तेथील अंदाज गावात कोण वाचतो?